२१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे का, हे स्वतः कागदावर कसं तपासायचं

कॉम्प्युटरवर थोडंफार काम केलेल्या माणसाला २१४७४८३६४७ हा आकडा कधी ना कधी भेटतोच. ३२ बिटच्या साइन्ड इंटिजरमध्ये (म्हणजे धन-ऋण दोन्ही पूर्णांक ठेवणाऱ्या ३२ बिटच्या जागेत) मावणारी सगळ्यात मोठी संख्या ती हीच, दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. ही मूळ संख्या आहे, म्हणजे प्राइम आहे, हेही बऱ्याच जणांनी वाचलेलं असतं आणि वाचून सोडून दिलेलं असतं, कारण एवढ्या मोठ्या आकड्याचं घरबसल्या आपण काय तपासणार. तर तपासता येतं, आणि रविवारची एक दुपार पुरते. लिओनार्ड ऑयलरने १७७२ साली बर्नुलीला लिहिलेल्या पत्रात ही संख्या मूळ असल्याचं सांगितलं, तेव्हा तो सेंट पीटर्सबर्गला होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. आपल्याकडे निदान मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर तरी आहे.

लागणारं सामान: वही, पेन, साधा कॅल्क्युलेटर, आणि भागाकार करून बाकी काढता येणं. शाळेतलं घातांकाचं गणित आठवत असेल तर बाकी सगळं मी सांगतो.

आधी हे बघा की सरळ मार्ग का नको

सरळ मार्ग म्हणजे वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. ४६३४० चा वर्ग २१४७३९५६०० आणि ४६३४१ चा वर्ग २१४७४८८२८१, म्हणजे आपली संख्या या दोघांच्या मधे बसते आणि ४६३४० पर्यंत तपासलं की काम झालं. पण ४६३४० च्या खाली साधारण ४८०० मूळ संख्या आहेत. एकेका भागाकाराला दोन मिनिटं धरली तरी १६० तास. आपल्याला हे ४८०० भागाकार ऐंशीच्या आसपास आणायचेत, आणि ते अंदाजाने नाही, पुराव्याने आणायचेत, म्हणजे जे भाजक वगळू ते का वगळले हे सांगता आलं पाहिजे.

संख्या स्वतःच्या हाताने बांधा

२^१० = १०२४. त्याचा वर्ग २^२० = १०४८५७६. त्याला परत १०२४ ने गुणा, २^३० = १०७३७४१८२४. दुप्पट करा, २^३१ = २१४७४८३६४८. एक वजा करा की आली आपली संख्या. म्हणजे ती २^३१ − १ आहे. दोनाच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्यांना मर्सेन प्राइम म्हणतात, मारें मर्सेन या फ्रेंच पाद्र्याच्या नावावरून, त्याने १६४४ मध्ये अशा घातांकांची यादी छापली होती. त्या यादीत ३१ बरोबर होता, पण ६७ आणि २५७ चुकीचे होते आणि ६१, ८९, १०७ राहून गेले होते. म्हणजे यादीवर विश्वास ठेवून चालत नाही.

वहीच्या पहिल्या पानावर वर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: आपल्या संख्येने भागलं तर २^३१ ची बाकी १ येते. आणि आपल्या संख्येला जो कोणी भाजक असेल त्याने भागलं तरीही २^३१ ची बाकी १ च येणार. या एका वाक्यातून पुढचं जवळजवळ सगळं निघतं.

घातांक ३१ स्वतः मूळ आहे हेही बघून घ्या, कारण घातांक मूळ नसेल तर खेळ तिथेच संपतो. उदाहरणार्थ १५ = ३ × ५, तर २^१५ − १ = ३२७६७ ला २^३ − १ = ७ ने आणि २^५ − १ = ३१ ने भाग जातोच जातो (३२७६७ = ७ × ३१ × १५१). उलटं मात्र खरं नाही. ११ मूळ आहे पण २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. म्हणून घातांक मूळ आहे एवढ्यावर थांबता येत नाही, खरी तपासणी आता सुरू.

पहिली चाळणी: ६२

समजा भ नावाची मूळ संख्या आपल्या संख्येला भाग देते. भ ने भागल्यावर २ चे घात बघत जा, २, ४, ८, १६... यांत बाकी १ देणारा सगळ्यात लहान घातांक जो असेल तो बाकी १ देणाऱ्या प्रत्येक घातांकाला भाग देतो. ३१ ला बाकी १ येते हे आपल्याला माहीत आहे, म्हणून तो लहान घातांक एकतर १ नाहीतर ३१. तो १ असणं शक्य नाही (मग २ ची बाकी १ आली पाहिजे, म्हणजे भ ने १ ला भाग दिला पाहिजे), म्हणून तो ३१.

आता फर्माचं छोटं प्रमेय: भ मूळ आणि विषम असेल तर २^(भ − १) ची बाकी नेहमी १. म्हणजे ३१ ने भ − १ ला भाग गेला पाहिजे. भ विषम असल्यामुळे भ − १ सम, म्हणून ६२ नेही भाग गेला पाहिजे. झालं, भ फक्त ६२क + १ अशाच रूपाचा असू शकतो. ३, ५, ७, ११, १३ यांना हात लावायचीच गरज नाही, त्यांनी भाग जाणं मुळात शक्यच नाही.

वरच्या २०४७ वर खात्री करून घ्या. तिथे घातांक ११, म्हणून भाजक २२क + १ असे हवेत: २३ = २२ + १, ८९ = ८८ + १. दोन्ही बसले.

दुसरी चाळणी: ८

पानावर लिहिलेल्या वाक्याला २ ने गुणा. २^३२ ची बाकी २. आणि २^३२ म्हणजे ६५५३६ चा वर्ग. म्हणजे भ ने भागल्यावर बाकी २ उरेल असा एक पूर्ण वर्ग अस्तित्वात आहे. कोणत्या विषम मूळ संख्यांच्या बाबतीत असा वर्ग मिळतो याचं उत्तर संख्या सिद्धांतात (नंबर थिअरीत) पक्कं आहे: ज्यांना ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ येते फक्त त्यांच्याच. (याची सिद्धता इथे देत नाही, ती वेगळ्या लेखाएवढी आहे, पण लहान संख्यांवर करून बघा. ७ साठी ३ चा वर्ग ९, बाकी २, जमलं. ५ साठी वर्गांच्या बाक्या ०, १, ४ एवढ्याच, २ कधीच नाही.)

आता दोन चाळण्या एकत्र करा. ६२क + १ मध्ये क = ०, १, २, ३ घातलं तर ८ ने भागून बाक्या १, ७, ५, ३ येतात आणि मग तेच चक्र परत. ५ आणि ३ वाले गेले. उरले ते २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ देणारे. म्हणजे भाजक असलाच तर तो २४८क + १ किंवा २४८क + ६३.

आधी २९ वर सराव

थेट ३१ वर उडी मारू नका. काताल्दी या इटालियन गणितीने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला १७ आणि १९ हे घातांक नीट तपासून सिद्ध केले आणि त्याच दमात २३, २९, ३१, ३७ हेही चालतात असं सांगून टाकलं. त्यातला ३१ तेवढा खरा निघाला. २९ चं काय होतं ते बघू. २^२९ − १ = ५३६८७०९११. भाजक ५८क + १: ५९ (८ ने बाकी ३, गेला), ११७ (बाकी ५, गेला), १७५ (बाकी ७, पण २५ × ७ आहे, मूळ नाही), २३३ (बाकी १, आणि मूळ आहे). म्हणजे तपासायचा पहिलाच उमेदवार २३३.

नऊ-दहा आकडी संख्येला भागत बसायचं नाही, दोनाचे घात वाढवत बाकी काढत जायचं. २^८ = २५६, २३३ ने बाकी २३. वर्ग करा, २^१६ → ५२९ → ६३. दोन्ही गुणा, २^२४ → ६३ × २३ = १४४९ → ५१. आता २^५ = ३२ ने गुणा, २^२९ → १६३२ → १, कारण २३३ × ७ = १६३१. बाकी १! म्हणजे २३३ ने २^२९ − १ ला पूर्ण भाग जातो, आणि काताल्दीचं म्हणणं पहिल्याच उमेदवारावर आडवं झालं. पूर्ण अवयव २३३ × ११०३ × २०८९ असे आहेत, आणि तिघेही ५८क + १ च्या रूपात आहेत.

ही पद्धत हाताला बसली की पुढे जा.

आता खरं काम

यादी अशी सुरू होते: ६३, २४९, ३११, ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १०५५, १२४१, १३०३, १४८९, १५५१, १७३७, १७९९, १९८५, २०४७, २२३३, २२९५, २४८१, २५४३... शेवटचे दोन ४६१२९ आणि ४६१९१. पहिल्या प्रकारचे १८६, दुसऱ्या प्रकारचे १८७, एकूण ३७३, त्यातला ६३ मूळ नाही हे दिसतंच आहे, म्हणून ३७२. ऑयलरच्या पद्धतीने जास्तीत जास्त ३७२ भागाकार असं जे सांगतात ते इथून येतं.

पण ३७२ सुद्धा करायचे नाहीत. मूळ नसलेला भाजक तपासण्यात अर्थ नाही, कारण त्याचा मूळ अवयव यादीत आधी तरी येऊन गेलेला असतो नाहीतर चाळणीत आधीच बाद झालेला असतो. म्हणून यादीवर काट मारत जा. २४८क + १ मध्ये क = १, ४, ७, १०... ला ३ ने भाग जातो (२४९, ९९३, १७३७), २४८क + ६३ मध्ये क = ०, ३, ६, ९... ला (६३, ८०७, १५५१, २२९५). ५ चे तर शेवटचा अंक बघूनच दिसतात. मग ७, ११, १३ करत करत पुढे. वरच्या एकवीस जणांतून काट मारून उरतात फक्त चार: ३११, १३०३, १४८९, २५४३. ४६१९१ पण गेला, अंकांची बेरीज २१.

शेवटी किती उरतील त्याचा अंदाज असा: २४८ ने भागून मूळ संख्यांच्या ज्या बाक्या येऊ शकतात त्या १२० प्रकारच्या, मूळ संख्या या १२० घरांत साधारण सारख्या वाटल्या जातात, आपली घरं दोन, म्हणून ४८०० × २ ÷ १२० = ८०. चार-पाच इकडे तिकडे.

पहिले तीन करून दाखवतो, उरलेले तुम्ही करा.

३११: २^८ = २५६, म्हणजे −५५ (ऋण बाकी वापरायला लाजू नका, आकडे लहान राहतात). वर्ग ३०२५, बाकी २२६ म्हणजे −८५, हा २^१६. दोन्हींचा गुणाकार ४६७५, बाकी १०, हा २^२४. त्याला २^७ = १२८ ने गुणा, १२८०, बाकी ३६, हा २^३१. एक वजा केला तर ३५. शून्य नाही, ३११ बाद. ताळा हवा असेल तर ३११ × ६९०५०९२ = २१४७४८३६१२, त्यात ३५ मिळवले की बरोबर आपली संख्या.

१३०३: २^११ = २०४८ → ७४५. वर्ग ५५५०२५ → १२५० म्हणजे −५३, हा २^२२. ५१२ ने गुणा, −२७१३६ → २२७. एक वजा, बाकी २२६. बाद.

१४८९: २^११ → ५५९. वर्ग ३१२४८१ → १२८० म्हणजे −२०९. ५१२ ने गुणा, −१०७००८ → २००. बाकी १९९. बाद.

पद्धत एकच आहे, २^११ काढा, वर्ग करून २^२२, मग ५१२ ने गुणून २^३१, तीन ओळींत एक भाजक संपतो. भाजक २०४८ च्या पुढे गेले की पहिली ओळ फुकटच मिळते कारण २०४८ ची बाकी तोच. एकेकाला तीन मिनिटं धरली तर चार तास, चहाच्या ब्रेकसकट. एकालाही बाकी ० आली नाही की २१४७४८३६४७ मूळ आहे हे सिद्ध झालं, आणि ते तुम्ही सिद्ध केलं. ऑयलरनंतर पुढची ऐंशी-नव्वद वर्षं ही जगातली सगळ्यात मोठी माहीत असलेली मूळ संख्या होती. पीटर बार्लो या इंग्रज गणितीने १८११ मध्ये तर हिच्यावरून मिळणाऱ्या परिपूर्ण संख्येबद्दल (ती पुढे येते) असं लिहून ठेवलं की तिच्यापेक्षा मोठी बहुधा कोणी शोधणारच नाही, उपयोग काय म्हणून शोधायची.

दुसरा रस्ता: एकही भाजक न तपासता

चार तास नको असतील तर लुकास-लेमर चाचणी. एदुआर लुकासने १८७० च्या दशकात याचा पाया घातला, डी. एच. लेमरने १९३० च्या दशकात तिला आजचं रूप दिलं, आणि मर्सेन संख्या पक्की सिद्ध करायला आजही हीच वापरतात. ४ पासून सुरू करा. वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी घ्या. हे घातांकापेक्षा दोनाने कमी इतक्या वेळा करा. शेवटी ० आलं तर मूळ, नाही आलं तर नाही. चाचणी खरी का याची सिद्धता थोडी वरच्या वर्गातली आहे, पण चालवायला काहीच लागत नाही.

१२७ (२^७ − १) वर पाच वेळा: ४, १४, ६७, ४२, १११, ०. मूळ आहे. २०४७ वर नऊ वेळा: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य नाही, म्हणजे मूळ नाही, आणि गंमत अशी की २३ आणि ८९ चा पत्ताही न लागता हे कळलं.

आपल्या संख्येवर २९ वेळा करायचंय. सुरुवात सोपी: ४, १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४. इथून पुढे वर्ग अठरा-एकोणीस आकडी होतात आणि इथेच लोक फसतात. एक्सेल फक्त १५ आकडे अचूक धरतं, त्यापुढचे आकडे गुपचूप शून्य करून टाकतं, एररही देत नाही. मोबाइलचे बरेच कॅल्क्युलेटरही तसलेच. म्हणून वर्ग तुकड्यांत करा, आणि बाकी घ्यायला पहिल्या पानावरचं वाक्य वापरा: २^३१ ची बाकी १, म्हणून २१४७४८३६४८ ने भागून जो भागाकार आणि जी बाकी येईल त्यांची नुसती बेरीज करायची.

एक पायरी पूर्ण करतो. १४१६३१७९५४ मधून आपली संख्या वजा केली तर −७३११६५६९३, हा लहान आहे, हाच घ्या. वर्गासाठी याचे ७३१ (दहा लाख) आणि १६५६९३ असे दोन तुकडे करा:

७३१ चा वर्ग ५३४३६१
२ × ७३१ × १६५६९३ = २४२२४३१६६
१६५६९३ चा वर्ग २७४५४१७०२४९

पहिल्यावर बारा शून्यं, दुसऱ्यावर सहा, तिसरा तसाच, बेरीज ५३४६०३२७०६२०१७०२४९. याला २१४७४८३६४८ ने भागा: भागाकार २४८९४४०४७, बाकी ४२०७२६७९३. दोन्हींची बेरीज ६६९६७०८४०, त्यातून २ वजा, ६६९६७०८३८. ही यादीतली पुढची संख्या. अशा चोवीस पायऱ्या अजून उरतात, हाताने करणाऱ्याला सलाम, मी स्वतः इथून पुढे पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेकडे देईन, त्यात पूर्णांक कितीही मोठा चालतो आणि पाच ओळींचा प्रोग्राम डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतो.

शेवट मात्र हाताने बघण्यासारखा आहे. शेवटून दुसरी संख्या येते ६५५३६. वर्ग ४२९४९६७२९६, २ वजा केले की ४२९४९६७२९४, आणि हे बरोबर आपल्या संख्येच्या दुप्पट आहे. बाकी ०. हा ६५५३६ म्हणजे तोच, दुसऱ्या चाळणीत ज्याच्या वर्गाची बाकी २ होती तो. योगायोग नाही, शेवटी ० यायचं असेल तर त्याच्या आधीच्या संख्येच्या वर्गाची बाकी २ असलीच पाहिजे, आणि तसे दोनच उमेदवार असतात, ६५५३६ आणि −६५५३६. १२७ च्या वेळी १११ आला होता तो −१६ च होता. तुमच्या प्रोग्राममध्ये शेवटून दुसरी संख्या ही आली नाही तर कुठेतरी आकडे कापले गेलेत हे समजून घ्या.

अजून एक सापळा. इंटरनेटवर फर्मा टेस्ट म्हणून सांगतात, २ घ्या, (संख्या − १) इतका घात करा, बाकी १ आली तर मूळ असण्याची शक्यता. मर्सेन संख्यांवर आधार २ घेऊन ही टेस्ट करणं म्हणजे वेळ वाया. घातांक मूळ असेल तर ती नेहमीच पास होते, २०४७ सुद्धा पास होते, कारण २०४६ ला ११ ने भाग जातो. करायचीच असेल तर ३ घ्या.

मूळ असल्यामुळे पुढे काय काय मिळतं

पहिलं, परिपूर्ण संख्या. २^३० × २१४७४८३६४७ = २३०५८४३००८१३९९५२१२८. हिच्या सगळ्या भाजकांची (ती स्वतः सोडून) बेरीज परत तीच येते, ६ = १ + २ + ३ सारखी. ताळा एका ओळीत होतो: २ च्या घातांची बेरीज १ + २ + ... + २^३० म्हणजे आपलीच संख्या, तिला (१ + आपली संख्या) म्हणजे २^३१ ने गुणायचं, उत्तर परिपूर्ण संख्येच्या बरोबर दुप्पट (तीच धरून). ही आठवी परिपूर्ण संख्या, कारण आपली आठवी मर्सेन प्राइम आहे (घातांक २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१).

दुसरं, शेजारीपाजारी. दोनाने मागे २१४७४८३६४५ ला ५ ने भाग जातो, दोनाने पुढे २१४७४८३६४९ ला ३ ने, म्हणजे हिला जुळी प्राइम नाही. ४ ने भागून बाकी ३ येते म्हणून ती दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही. आणि हिची दुप्पट अधिक १ केली तर ४२९४९६७२९५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७, म्हणजे आजवर माहीत असलेल्या पाचही फर्मा प्राइम (२ च्या घातात एक मिळवून येणाऱ्या विषम मूळ संख्या) एका रांगेत.

तिसरं जास्त कामाचं. एक वजा केलं तर २१४७४८३६४६ = २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. याचा उपयोग असा की एखाद्या संख्येचे घात आपल्या संख्येने भागत गेलं तर सगळ्या बाक्या एकदा तरी येतात का हे तपासायला फक्त सात घात बघावे लागतात, प्रत्येक वेगळ्या मूळ अवयवासाठी एक. २ तर पहिल्या पानावरच नापास, ३१ पायऱ्यांत परत १ वर येतो. सगळ्या बाक्या देणारी सगळ्यात लहान संख्या ७. आणि ५ ने वरच्या २१४७४८३६४६ ला भाग जात नाही म्हणून ७^५ = १६८०७ हीसुद्धा तसलीच. यावरच तो प्रसिद्ध रँडम नंबर जनरेटर उभा आहे, पार्क आणि मिलर यांनी १९८८ मध्ये किमान स्टँडर्ड म्हणून सुचवलेला आणि सी प्लस प्लसच्या लायब्ररीत आजही असलेला: आधीच्या आकड्याला १६८०७ ने गुणा, २१४७४८३६४७ ने बाकी घ्या. १ पासून सुरू केलं तर १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३ असे आकडे येतात, आणि दहा हजारावा १०४३६१८०६५ आला पाहिजे. तुम्ही स्वतः लिहिलात तर यावर तपासा. पासवर्ड किंवा पैशाच्या कामाला मात्र हा वापरू नका, एक आकडा कळला की पुढचे सगळे कळतात.

३२ बिटचं म्हणाल तर संख्या मूळ आहे याच्याशी कॉम्प्युटरला घेणंदेणं नाही, ३१ बिट सगळे १ झाले की हीच संख्या होते एवढंच. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटमध्ये मोजणारी जुनी सिस्टिम १९ जानेवारी २०३८ ला भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी या आकड्यावर पोचेल आणि पुढच्या सेकंदाला ऋण होईल.

पुढचा प्रयोग, ज्यांना अजून दम आहे त्यांच्यासाठी

५ वरून २^५ − १ = ३१, ३१ वरून आपली संख्या, मग आपल्या संख्येलाच घातांक केलं तर? २^२१४७४८३६४७ − १ मूळ आहे का? ही संख्या लिहायलाच चौसष्ट कोटींहून जास्त अंक लागतील (२०२४ मध्ये सापडलेली विक्रमी मर्सेन प्राइम, घातांक १३६२७९८४१, ती ४१०२४३२० अंकांची आहे, त्यावरून कल्पना करा). तिच्यावर लुकास-लेमर चालवणं सध्या कोणाच्या आवाक्यातलं नाही, पण आपल्या दोन चाळण्या चालतात. भाजक २ × २१४७४८३६४७ × क + १ या रूपाचा हवा आणि ८ ने भागून बाकी १ किंवा ७ हवी. क = ६८७४५ घाला. २९५२५७५२६६२६०३१ मिळतं, शेवटचे तीन अंक ०३१, ८ ने बाकी ७, बसलं. आता याने खरंच भाग जातो का ते बघायला पायथॉनमध्ये २ घ्या, वर्ग करा, दुप्पट करा, २९५२५७५२६६२६०३१ ने बाकी घ्या, हे ३० वेळा. घातांक १, ३, ७, १५ असे वाढत बरोबर २१४७४८३६४७ वर पोचतात. बाकी १ येते, म्हणजे ती राक्षसी संख्या मूळ नाही.